'बरं' म्हणायला लागणारा वेळ

"रविवारी जेवायला येतेस ना गं?" असे मावशीने समोर बसून विचारले आणि भाचीने लगेच 'बरं' म्हटले, तर तो सरळ होकार असतो. तिने किंचित थांबून, सूर खाली नेत तेच 'बरं' म्हटले, तर पोरीचे दुसरे काहीतरी ठरले असावे हे मावशीच्या ध्यानात येते आणि "का पुढच्या रविवारी ठेवू या?" अशी वाट ती स्वतःच काढून देते. हाच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, दोन निळ्या खुणा उमटल्या आणि वीस मिनिटांनी नुसते 'बरं' आले, तर त्याचा अर्थ मावशीला आपल्या त्या दिवसाच्या मनःस्थितीप्रमाणे लावावा लागतो.

यातले 'किंचित थांबणे' मोजता येते. नेदरलँड्समधील नायमेखेन येथील माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2009 मध्ये जगातील दहा भाषांमधल्या प्रत्यक्ष संभाषणांच्या चित्रफिती तपासल्या. त्यात मराठी नव्हती, पण जपानी, डॅनिश, कोरियन, इटालियन अशा एकमेकींपासून बऱ्याच दूरच्या भाषा होत्या. हो-नाही स्वरूपाचा प्रश्न संपणे आणि उत्तर सुरू होणे यांतले अंतर सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, एवढेच निघाले. सर्वांत तत्पर जपानी आणि सर्वांत सावकाश डॅनिश यांच्या सरासरीतही अर्ध्या सेकंदापेक्षा कमीच फरक होता. आता एखाद्या वस्तूचे चित्र पाहून तिचे नाव उच्चारायलाही माणसाला साधारण 600 मिलिसेकंद लागतात, हे प्रयोगशाळांतून ठाऊक आहे. याचा अर्थ असा की समोरच्याचे वाक्य संपायच्या आधीच आपण ते कुठे जाणार आहे याचा अंदाज बांधून उत्तराची जुळवाजुळव सुरू केलेली असते, आणि हे काम इतक्या सफाईने होते की ते चालू असल्याचे आपल्याला कळतही नाही.

नेहमीची फट इतकी अरुंद असल्यामुळेच ती जरा रुंदावली तरी ऐकणाऱ्याला जाणवते. नकार, आढेवेढे, अर्धवट संमती ही उत्तरे होकारापेक्षा उशिरा येतात, आणि त्या उशिरावरूनच प्रश्न विचारणारा सावध होतो. याच्या जोडीला दुरुस्तीची सोय असते. 2015 मध्ये बारा भाषांवर झालेल्या अभ्यासात आढळले की अनौपचारिक गप्पांमध्ये सरासरी दर दीड मिनिटाच्या आत कोणीतरी 'काय?', 'कोण?' किंवा आपल्या 'अं?'सारखा उद्गार काढून समोरच्याला थांबवते आणि गैरसमज जागच्या जागी निस्तरला जातो.

लिखित संदेशात या दोन्ही गोष्टी जातात. उत्तराला लागलेला वेळ तिथेही दिसतो, पण तो काही सांगत नाही. भाची कदाचित खट्टू असेल, कदाचित लोकलच्या गर्दीत फोन पिशवीत ठेवून उभी असेल. व्हॉट्सअ‍ॅपने 2014 मध्ये निळ्या खुणा आणल्या, तेव्हा संदेश उघडला गेल्याचे तेवढे कळू लागले आणि माझ्या मते घोळ आणखी वाढला, कारण आता उशिराला साक्षीदार मिळाला, स्पष्टीकरण मात्र मिळाले नाही.

लिहिणाऱ्याला तर यातले काहीच खटकत नाही, कारण वाक्य टाइप करताना त्याच्या कानात ते योग्य सुरातच वाजत असते. अमेरिकेत 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना काही वाक्ये मनापासून आणि काही उपरोधाने कळवायला सांगितले होते. आपला सूर समोरच्याला सुमारे 78 टक्के वेळा कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजातून तो जवळपास तितका, 73 टक्के वेळा, कळलाही. ई-मेलमधून मात्र 56 टक्के वेळाच, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडाच बरा. विनोद विनोद म्हणून ओळखू यावा यासाठी स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने 1982 मध्येच अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस यांचा हसरा चेहरा सुचवला होता, तो याच अडचणीपोटी. ('संवादाचा 93 टक्के भाग देहबोली व आवाजाचा असतो' हे व्याख्यानांतले लाडके वाक्य मात्र इथे वापरू नये, एकेका शब्दातून व्यक्त होणाऱ्या आवडी-नावडीवरच्या प्रयोगांतून आलेला तो आकडा साऱ्या संवादाला लावता येत नाही.)

सुराचे काम अर्थापुरतेच नसते. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी मुलींना अनोळखी माणसांपुढे भाषण आणि तोंडी गणिते करायला लावून ताण दिला आणि मग काहींना आईला भेटू दिले, काहींना फोनवर, तर काहींना संगणकावरच्या लिखित संदेशांतून तिच्याशी बोलू दिले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की भेटलेल्या आणि फोनवर बोललेल्या मुलींमध्ये कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक उतरले व ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी निगडित संप्रेरक वाढले, तर संदेशांतून धीर मिळालेल्या मुली आईशी काहीच संपर्क न झालेल्या मुलींसारख्याच राहिल्या. फोनवर चेहरा नसतो, तरी फोन पुरला, हे इथे महत्त्वाचे.

मग संदेशांच्या सवयीने समोरासमोर बोलण्याची कुवतच झिजते का? याचे उत्तर मथळ्यांत असते तितके ठाम नाही. कॅलिफोर्नियात 2014 च्या एका अभ्यासात पाच दिवस पडद्यांविना शिबिरात राहिलेली सहावीतली मुले चेहऱ्यावरच्या भावना अधिक अचूक ओळखू लागली. पण त्या पाच दिवसांत ती सतत एकमेकांच्या सहवासातही होती, त्यामुळे गुण पडदा नसल्याचा की सोबतीचा, हे वेगळे करता येत नाही. पिट्सबर्गमधील कुटुंबांवरच्या 1998 च्या अभ्यासाने इंटरनेटमुळे घरातला संवाद घटतो असे म्हटले होते, आणि त्याच संशोधकांनी काही वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा ते दुष्परिणाम बहुतांशी ओसरलेले होते.

टेबलावरच्या फोनचा परिणाम त्या मानाने सरळ आहे. कॅनडात 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मित्रांबरोबर किंवा घरच्यांबरोबर जेवणाऱ्या 300 हून अधिक लोकांपैकी ज्यांचे फोन टेबलावर होते, त्यांचे लक्ष अधिक विचलित झाले आणि जेवणाची मजा थोडी कमी झाली. फरक लहान होता, पण मला तो सेकंदाच्या पाचव्या भागाशी जोडावासा वाटतो: नजर क्षणभर पडद्याकडे गेली की उत्तर लांबते, आणि ज्याने काही विचारले त्याच्या कानाला त्या लांबण्यात नकार ऐकू येतो.

अर्थात हा वेग सर्वांनाच झेपतो असे नाही. तोतरेपणामुळे शब्द अडणाऱ्या माणसाला संभाषणाची ही फट फार निर्दय वाटू शकते, आणि संदेशात त्याला हवा तेवढा वेळ घेऊन नेमके बोलता येते. व्हॉइस मेसेज या दोहोंच्या मधला आहे. मावशीचा दोन मिनिटांचा मेसेज आला, तर तिचा सूर, हसू, मागे वाजणारी कुकरची शिट्टी हे सगळे भाचीपर्यंत पोचते, फक्त पहिल्याच वाक्याला "अगं मावशी, पण रविवारी..." असे मध्येच म्हणायला तिला जागा नसते, आणि तोवर पुरणपोळीचा बेत ठरूनही गेलेला असतो.