एकिबेन

एकिबेन म्हणजे जपानमध्ये रेल्वे स्टेशनवर मिळणारा, गाडीत बसून खायचा तयार जेवणाचा डबा. एकी म्हणजे स्टेशन आणि बेन हे बेन्तो, म्हणजे डबा, याचं छोटं रूप. पण स्टेशनवर विकलं की झालं एकिबेन, असं नाही. त्यात त्या गावाचं काहीतरी असावं लागतं, तिथला तांदूळ, तिथल्या समुद्रातला मासा, तिथलं गोमांस, निदान तिथली एखादी जुनी रेसिपी तरी. म्हणूनच लांबच्या गाडीत बसायच्या आधी जपानी लोक वेळ काढून एकिबेनच्या दुकानासमोर उभे राहतात आणि कुठला घ्यायचा यावर अगदी गंभीरपणे विचार करतात. सुट्टीत गावी जाणारं कुटुंब असो, ऑफिसच्या कामाने ओसाकाला निघालेला माणूस असो किंवा फिरायला निघालेल्या आज्यांचा ग्रुप, प्रवासाची खरी सुरुवात तिथेच होते.

किंमत साधारण हजार ते दीड हजार येन, त्याच्या वर कितीही. कन्व्हिनियन्स स्टोअरमधला डबा याच्या निम्म्यात मिळतो, म्हणजे नुसती भूक भागवायची असेल तर एकिबेन घ्यायची काही गरजच नाही, आणि तरी तो टिकून आहे. याचं कारण माझ्या मते सरळ आहे, गाडी ज्या गावातून चाललीय ते गाव खिडकीतून दिसता दिसता ताटातही यावं, हे लोकांना मनापासून आवडतं.

सुरुवात

जपानमध्ये पहिली रेल्वे 1872 मध्ये शिंबाशी ते योकोहामा धावली. ते अंतर इतकं कमी होतं की वाटेत जेवायचा प्रश्नच नव्हता. मार्ग लांबत गेले तशी डब्याची गरज पडायला लागली. पहिला एकिबेन कुठला यावर वाद आहेत, बरीच स्टेशनं तो मान आपला म्हणतात, पण सगळ्यात जास्त सांगितली जाते ती उत्सुनोमियाची गोष्ट. 1885 च्या जुलैमध्ये तिथपर्यंत रेल्वे आली आणि शिरोकिया नावाच्या एका खानावळवजा लॉजने स्टेशनवर डबा विकायला सुरुवात केली. काय होतं त्यात, तर आत उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेले भाताचे दोन गोळे, वरून तीळ आणि मीठ, सोबत मुळ्याचं लोणचं, सगळं बांबूच्या सालीत गुंडाळलेलं, किंमत 5 सेन (100 सेन म्हणजे 1 येन). बस एवढंच. बांबूच्या सालीत भात लवकर खराब होत नाही आणि उमेबोशीनेही तो टिकतो, म्हणजे पहिल्याच डब्यात प्रवासाच्या जेवणाचं सगळं शहाणपण आलेलं होतं.

पुढे 1889 मध्ये हिमेजी स्टेशनवर माकुनोउची पद्धतीचा डबा आला. माकुनोउची म्हणजे मुळात नाटकाच्या मध्यंतरात खायचा डबा, भाताच्या छोट्या छोट्या मुदी, भाजलेला मासा, गोडसर अंड्याची घडी, माशाच्या लगद्याची वाफवलेली वडी, शिजवलेल्या भाज्या, लोणचं, प्रत्येक गोष्ट थोडी थोडी आणि आपापल्या खणात. आजही बहुतेक स्टेशनांवर असा एक तरी डबा असतोच आणि काय घ्यावं कळत नसेल तर तोच घ्यावा.

त्या काळात विक्री फलाटावर व्हायची. गळ्यात पट्टा अडकवून पुढे मोठा लाकडी ट्रे धरलेला माणूस "बेन्तो, बेन्तो" ओरडत गाडीच्या बाजूने फिरायचा, लोक खिडकी वर करून पैसे द्यायचे आणि डबा आत घ्यायचे. चहा मातीच्या छोट्या किटलीत मिळायचा, तिचंच झाकण कप म्हणून वापरायचं. डब्यावर बांधलेल्या छापील कागदाला काकेगामी म्हणतात आणि हे जुने कागद जमवणारे लोक जपानमध्ये भरपूर आहेत, कारण त्यावर गावाचं चित्र, आसपासच्या देवळांची माहिती, आणि रिकामे डबे खिडकीबाहेर फेकू नका अशी सूचनाही असायची, युद्धाच्या वर्षांत तर काटकसरीच्या आणि देशभक्तीच्या घोषणा छापल्या जायच्या. त्या त्या काळाचा इतिहासच तो.

घाटाखालचं योकोकावा

एकिबेन आणि रेल्वे यांचं नातं समजून घ्यायचं असेल तर गुन्मा प्रांतातलं योकोकावा स्टेशन बघावं. इथून कारुइझावाकडे जाताना उसुई घाट लागतो आणि तिथला चढ 15 ला 1 होता, म्हणजे 15 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. आपल्याकडे कर्जत ते लोणावळा 37 ला 1 चढ आहे आणि तेवढ्यासाठी कर्जतला मागे बँकर इंजिनं लावतात, तेवढ्या वेळात लोक खाली उतरून वडापाव घेतात, हे मुंबई-पुणे करणाऱ्या कुणालाही माहितीये. योकोकावाला अगदी हेच घडायचं. प्रत्येक गाडीला मागून ढकलायला इंजिनं जोडावी लागायची, गाडी काही मिनिटं थांबायची आणि लोक फलाटावर उतरायचे.

ओगिनोया हे दुकान तिथे 1885 पासून होतं पण धंदा काही खास नव्हता. मग तिथल्या मालकीणबाईंनी फलाटावर प्रवाशांना विचारायला सुरुवात केली की तुम्हाला नक्की काय खायला आवडेल, आणि उत्तर बहुतेक सारखंच यायचं, गरम असावं, घरच्यासारखं असावं, दिसायलाही छान असावं. त्यातून 1958 मध्ये तोगे नो कामामेशी आला, म्हणजे घाटातला हंडीभात म्हणा. माशिको गावच्या कुंभारांनी घडवलेली तपकिरी मातीची जाड हंडी, तिच्यात मसाल्याच्या पाण्यात शिजवलेला भात, आणि वर कोंबडी, शिताके मशरूम, बांबूचे कोंब, गोबो नावाचं मूळ, लाव्याचं अंडं, एक चेस्टनट, एक जर्दाळू, मटार, थोडं लाल आलं. लोणची वेगळ्या छोट्या डबीत. माती जाड असल्यामुळे भात बराच वेळ गरम राहतो, आणि तेव्हा एकिबेन म्हणजे थंडच असं सगळे धरून चालायचे त्यामुळे हा प्रकार प्रचंड गाजला. गाडी सुटताना विक्रेते फलाटावर ओळीने उभे राहून वाकून नमस्कार करायचे, हे दृश्यही या डब्याइतकंच प्रसिद्ध झालं.

1 ऑक्टोबर 1997 ला नागानोपर्यंतची शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुरू झाली आणि जुना घाटातला मार्ग बंद पडला. योकोकावा आता रेल्वेचं शेवटचं टोक आहे, तिथून पुढे नेहमीच्या गाड्या जात नाहीत. गाड्या गेल्या म्हणजे डबा पण जायला हवा होता खरं तर, पण ओगिनोयाने त्याच्या आधीच हायवेवर दुकान टाकलं होतं, टूरिस्ट बसेस तिथे थांबायच्या, आणि आज कामामेशी खाणारे कितीतरी लोक गाडी चालवत आलेले असतात. रिकामी हंडी टाकायला जीव होत नाही म्हणून लोक ती घरी नेतात, तिच्यात एका माणसापुरता भात शिजतो, जपानमध्ये कितीतरी घरांच्या कपाटात अशा दोनचार हंड्या पडलेल्या असतात.

थंडच खायचा डबा

योकोहामाच्या शुमाई बेन्तोची दिशा बरोब्बर उलटी. योकोहामाची अडचण अशी होती की टोकियो अगदी जवळ, टोकियोहून निघालेल्या माणसाला इतक्यात भूक लागत नाही आणि टोकियोला जाणारा आता पोचलोच म्हणून घेत नाही, त्यात गावाचं नावाजलेलं असं खास काही नव्हतं. किओकेन कंपनीने शहरातल्या चायनाटाउनमधली शुमाई, म्हणजे पातळ पारीत भरून वाफवलेली पोर्कची वडी, उचलली आणि 1928 मध्ये ती थंड झाल्यावरही चांगली लागेल अशी बनवली, त्यासाठी सारणात सुकवलेल्या शिंपल्याचं मांस घातलं. डबा 1954 मध्ये आला. आत पाच शुमाई, ट्यूनाचा एक तुकडा, तळलेली कोंबडी, अंडं, बांबूच्या कोंबाचे गोडसर चौकोनी तुकडे, एक जर्दाळू, आणि भाताच्या दाबून केलेल्या आठ मुदी, त्यावर काळे तीळ. या जर्दाळूवरून जपानी लोकांत मतभेद असतात, आधी खायचा की शेवटी, की मध्येच तोंडाला चव आणायला. किओकेनच्या नुसत्या शुमाईच्या पेटीत सोयासॉसची चिनीमातीची इवलीशी बाटली असते, तिच्यावर चेहरे काढलेले असतात, तीही लोक जमवतात.

डबा पातळ लाकडाचा असतो आणि ते लाकूड भातातलं जास्तीचं पाणी शोषून घेतं, म्हणून भात चिकट पण मोकळा राहतो, गिचगोळा होत नाही. जपानी तांदूळ आखूड दाण्याचा आणि मुळातच चिकट, थंड झाला तरी कडक पडत नाही, सगळी एकिबेनची परंपरा खरं तर या एका गोष्टीवर उभी आहे. आपल्या लोकांना थंड भात म्हटलं की नको वाटतं, पण इथे थंड हा दोष नसून स्वयंपाकच तसा केलेला असतो, मीठ आणि गोडी थोडी जास्त ठेवतात कारण थंड पदार्थात चव कमी जाणवते.

प्रत्येक गावाचा आपला

तोयामाचा मासु नो सुशी 1912 पासून एकिबेन म्हणून मिळतो, गोल लाकडी डब्यात बांबूची हिरवी पानं, त्यात दाबून बसवलेला आंबट भात आणि वर गुलाबी ट्राउट मासा, केकसारखे त्रिकोणी तुकडे कापून खायचा, सोबत छोटी प्लॅस्टिकची सुरी देतात. होक्काइदोमधल्या मोरी स्टेशनचा इकामेशी 1941 चा. युद्धाच्या दिवसांत तांदूळ मिळेना आणि माकूल मात्र ढीगभर मिळत होतं, मग माकलाच्या पोटात थोडेसे तांदूळ भरून गोड सोयासॉसमध्ये शिजवले, तांदूळ आत फुगतो आणि थोडक्यात पोट भरतं. आकाशीजवळचा हिप्पारिदाको त्या मानाने नवा, 1998 मध्ये आकाशी काइक्यो पूल झाला तेव्हाचा, ऑक्टोपस पकडायच्या मडक्याच्या आकाराच्या मातीच्या भांड्यात ऑक्टोपस आणि भात. योनेझावाला 1992 मध्ये यामागाता शिनकानसेन आल्यावर पुढच्या वर्षी गोमांसाचा ग्युनिकु दोमान्नाका निघाला, दोमान्नाका हे त्या भागातल्या तांदळाच्या जातीचं नाव आहे. सेंदाईला गायीच्या जिभेचा डबा मिळतो, त्याची दोरी ओढली की खालच्या चुन्यात पाणी पडून वाफ येते आणि काही मिनिटांत जेवण गरम होतं.

आता कुठे आणि कसा खातात

1964 मध्ये शिनकानसेन आली, खिडक्या उघडायच्या बंद झाल्या, थांबे मिनिटभराचे झाले, टोकियो ते ओसाका त्याआधी साडेसहा तास लागायचे तिथे आता अडीच तास लागतात. फलाटावर ओरडत फिरणारे विक्रेते जवळपास संपले, क्यूशूमधल्या ओरिओ स्टेशनवर मात्र काशिवामेशी, म्हणजे कोंबडीचा खिमा, अंडं आणि नोरीचे, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे, पट्टे घातलेला भात, असा फिरून विकायची पद्धत बरीच वर्षं टिकली. टोकियो ते शिन-ओसाका धावणाऱ्या नोझोमी आणि हिकारी या शिनकानसेन गाड्यांमधली ढकलगाडीवरची विक्रीही 2023 च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. छोट्या गावातल्या अनेक कंपन्यांना कुलूप लागलं, आणि एक कंपनी गेली की तो डबाच कायमचा जातो, ही वाईट गोष्ट आहे कारण तो दुसरीकडे कुणी बनवत नाही.

बाकीचा धंदा शहरात आला. टोकियो स्टेशनच्या आत 2012 पासून एकिबेन-या मात्सुरी नावाचं दुकान आहे, तिथे देशभरातले शंभराहून जास्त प्रकार एका छताखाली मिळतात आणि सकाळी पाय ठेवायला जागा नसते. शिंजुकूच्या केइओ डिपार्टमेंट स्टोअरमध्ये 1966 पासून दर जानेवारीत एकिबेनचा मेळा भरतो, लोक रांगा लावतात, डबा घेऊन घरी जातात आणि जेवणाच्या टेबलावर बसून होक्काइदोचा इकामेशी खातात. काहींना हे पटत नाही, गाडीशिवाय कसला एकिबेन म्हणतात. मला स्वतःला वाटतं की म्हाताऱ्या माणसाला प्रवास झेपत नसेल आणि त्याला तरुणपणी फिरलेलं गाव असं परत चाखता येत असेल तर उत्तमच आहे. पण लांबवर माल पाठवायचे धोके आहेत. 2023 च्या सप्टेंबरमध्ये हाचिनोहेच्या एका कंपनीचे डबे वेगवेगळ्या प्रांतांतल्या सुपरमार्केटमध्ये गेले आणि पाचशेच्या वर लोकांना विषबाधा झाली. ताजं बनवून जवळपास विकायचं हा मूळ नियम किती महत्त्वाचा होता ते त्यातून दिसलं.

खायच्या रीतीही ठरलेल्या आहेत. लोकल गाडीत, जिथे लांब बाकावर समोरासमोर बसतात, तिथे खात नाहीत. शिनकानसेन किंवा एक्स्प्रेसमध्ये, जिथे सीटसमोर टेबल असतं, तिथे खुशाल खावं. बरेच जण गाडी सुटल्याशिवाय डबा उघडत नाहीत. खाऊन झालं की डबा परत झाकून, कागद गुंडाळून, त्याच दोरीने बांधून गाडीच्या डब्याबाहेरच्या कचरापेटीत टाकायचा, सीटवर काही ठेवून जायचं नाही. 10 एप्रिल हा एकिबेन दिवस म्हणून पाळतात.

महाराष्ट्रातून फिरायला जाणाऱ्यांसाठी एक सांगायला हवं, शुद्ध शाकाहारी एकिबेन मिळणं अवघड आहे. नुसत्या भाज्या दिसल्या तरी त्या बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या पाण्यात, दाशीत, शिजवलेल्या असतात. डब्याच्या मागच्या लेबलवर सगळे घटक छापलेले असतात, मोबाइलने वाचून घ्यावेत. त्याच लेबलवर कधीपर्यंत खायचा त्याची तारीखच नाही तर तासही लिहिलेला असतो, त्यामुळे सकाळी घेतलेला डबा रात्री हॉटेलवर खायचा विचार असेल तर आधी ती वेळ बघायची.