फिश टँकमधलं आटणारं पाणी आणि ते आपोआप भरणारी यंत्रं : पार्श्वभूमी

समुद्राच्या पाण्यात हजार भागांत साधारण ३५ भाग क्षार असतात. २०० लिटरच्या खाऱ्या टँकमधून रोज ४ लिटर पाणी उडून गेलं आणि पाच दिवस कोणी लक्ष दिलं नाही, तर २० लिटर पाणी जातं. क्षार सगळेच्या सगळे मागे राहतात आणि क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९ वर पोहोचते. मासे एकवेळ हे निभावून नेतील. प्रवाळ, कोळंबी, तारामासे यांना ते झेपत नाही. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये प्रकरण इतकं नाजूक नसतं, तरी नळाचं जड पाणी वरचेवर ओतत राहिलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साठत जातं. आटलेलं पाणी आपोआप भरून काढणारं यंत्र, ऑटो टॉप-ऑफ किंवा शौकिनांच्या बोलण्यातलं ‘एटीओ’, हे या हिशेबातून जन्मलं.

मात्र ते घरातल्या टँकपर्यंत यायला फार उशीर झाला. तंत्र हाताशी नव्हतं म्हणून नव्हे. पातळी राखायची युक्ती काचेच्या टँकपेक्षा दोन हजार वर्षांनी जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्टेसिबियसने पाण्याच्या घड्याळात तरंगता भाग बसवून पाण्याची धार एकसारखी ठेवली होती. त्याच शतकात बायझँटियमच्या फिलॉनने असा दिवा वर्णन केला, की तेलाची पातळी खाली गेली की बंद टाकीत हवा शिरते आणि तेवढंच तेल खाली उतरतं. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा भावंडांनी तरंगत्या झडपा वापरल्या, १७६५ मध्ये रशियात पोल्झुनोवने वाफेच्या बॉयलरमधलं पाणी तरंगत्या नियंत्रकाने राखलं. संडासाच्या टाकीतला बॉलकॉक याच घराण्यातला. आज छोट्या टँकवर उलटी बाटली लावून पाणी भरायची सोय विकत मिळते, तिच्यात फिलॉनच्या दिव्याहून नवं काही नाही.

मग अडलं कुठे? गरजच नव्हती. १८४६ मध्ये ॲना थिन यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला आणून जगवलं, तेव्हा मोलकरीण पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळत असे. १८५० मध्ये रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई यांचा तोल साधला तर पाणी सारखं बदलावं लागत नाही, हे दाखवून दिलं. त्या काळातला सल्ला साधा होता : काचेवर पातळीची खूण करा आणि पाणी खूणेखाली गेलं की तेवढं गोडं पाणी घाला. खूण आणि तांब्या, एवढंच साहित्य. अख्ख्या टँकची पातळी हळूहळू उतरते, त्यामुळे एखादा दिवस विसरलं तरी बिघडत नसे. आजही एकाच काचपेटीचा, झाकण असलेला गोड्या पाण्याचा टँक ज्यांच्याकडे आहे त्यांनी यंत्राच्या फंदात पडू नये, असं माझं मत आहे.

चित्र बदललं ते संपमुळे, म्हणजे मुख्य टँकच्या खाली ठेवलेल्या पाण्याच्या दुसऱ्या टाकीमुळे. कल्पना जुनीच : १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मत्स्यालयात विल्यम ऑल्फर्ड लॉइड यांनी दाखवायच्या टाक्यांखाली पाण्याचा मोठा अंधारा साठा बांधून पंपाने ते फिरतं ठेवलं होतं. घरात ही रचना शिरली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. घरात प्रवाळ वाढवायची वाट त्याआधीच तयार होत होती. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक (समुद्रातले, सूक्ष्म जीव वसलेले दगड) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ वाढवायची आपली पद्धत छापून आणली. १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी कॅल्शियमसाठी चुन्याची निवळी वापरायचं सुचवलं. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने ‘मिनी-रीफ’ची, म्हणजे घरगुती प्रवाळ टँकची, लाट अमेरिकेत पसरवली. या टँकमध्ये वरचं पाणी कडेच्या ओव्हरफ्लोवरून खाली पडतं, ठिबक गाळणीतून संपमध्ये येतं आणि पंप ते परत वर ढकलतो.

इथे एक गोष्ट घडते, आणि सगळा पुढचा इतिहास तिच्यावर उभा आहे. वरच्या टँकची पातळी ओव्हरफ्लोची कड ठरवते, म्हणून ती हलतच नाही. पूर्ण व्यवस्थेतून उडालेलं पाणी फक्त एका जागी कमी झालेलं दिसतं : पंप असलेल्या शेवटच्या कप्प्यात. त्या कप्प्यात १० लिटर पाणी असेल, तर ४ लिटर उडाल्यावर तो जवळजवळ अर्धा होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पंप हवा ओढायला लागतो. त्यात मेटल हॅलाइड दिव्यांची उष्णता, ठिबक गाळणीत पाण्याला मिळणारी मोकळी हवा, आणि पाणी थंड ठेवायला लावलेले पंखे. पंख्याचं काम मुळी पाणी उडवूनच होतं. एक लिटर पाणी उडताना सुमारे ०.७ युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. तांब्याने भागेनासं झालं.

पहिलं उत्तर बॉलकॉकच होतं. उंचावर पाण्याचा डबा, खाली संपमध्ये छोटा फ्लोट व्हॉल्व्ह. वीज नाही, आवाज नाही, स्वस्त. त्याचा शत्रू मीठ. पातळीच्या रेषेवर खारं पाणी उडून सांध्यावर क्षार धरतात आणि झडप अडकते. डब्यात चुन्याची निवळी असेल तर तोंडाशी चुनखडीचा थर जमतो, तो आणखी वाईट. बंद अडकली तर कप्पा कोरडा पडतो, उघडी अडकली तर डबा रिकामा होईपर्यंत पाणी येत राहतं.

दुसरं उत्तर विजेचं. १९३६ मध्ये बेल लॅबमध्ये वॉल्टर एलवूड यांनी रीड स्विच शोधला : काचनळीत दोन पातळ पात्या, चुंबक जवळ आलं की जुळतात. तरंगत्या गोळ्यात चुंबक बसवला की फ्लोट स्विच तयार. गोळा खाली गेला, पंप सुरू. वर आला, बंद. पण गोळ्याखाली गोगलगाय शिरली की तो वरच राहतो, आणि वर येताना कशात अडकला तर पंप थांबतच नाही. गोड्या पाण्याचा पूर खाऱ्या टँकला कोरडेपणापेक्षा जास्त घातक. निवळी असेल तर अधिकच, कारण संपृक्त निवळीचा पीएच १२ च्या वर असतो.

तेव्हापासून यंत्र सुधारलं ते मुख्यतः थांबण्याच्या बाबतीत. जर्मनीच्या टुन्झे कंपनीच्या ऑस्मोलेटर या एटीओमध्ये काम करायला प्रकाशीय सेन्सर, त्याच्या वर खबरदारी म्हणून फ्लोट स्विच, आणि पंप दहा मिनिटांहून जास्त सलग चालला तर बंद होऊन इशारा, असं तीन थरांचं नियोजन आलं. प्रकाशीय सेन्सरचं टोक हवेत असताना आतला अवरक्त किरण आतल्या आत परावर्तित होतो. पाणी लागलं की बाहेर निसटतो. हलणारा भाग नाही, त्यामुळे अडकायला काही नाही. शेवाळ, बुडबुडे आणि थेट पडणारा दिव्याचा झोत मात्र त्यालाही चकवतात. निवडताना मी सेन्सर कुठल्या जातीचा यापेक्षा तो फसला तर दुसरं काय थांबवतं, हे आधी विचारीन. फक्त एकच स्विच असलेलं यंत्र, कितीही नावाजलेलं असो, मी घेणार नाही.

घरगुती आरओ गाळण्या स्वस्त झाल्यावर काहींनी त्यांची नळी थेट संपला जोडली. डबा भरायचा त्रास वाचतो, पण एक झडप अडकली की येणाऱ्या पाण्याला अंतच नाही. शिवाय आरओ थोडं-थोडं चालू-बंद होत राहिलं की दर वेळी सुरुवातीचं पाणी कमी शुद्ध येतं. डबा बरा. डब्याचा आकार हीच खरी मर्यादा : टँकच्या एकूण पाण्याच्या दहाव्या हिश्शाएवढा डबा पूर्ण रिकामा झाला तरी क्षारता ३५ वरून ३२ च्या आसपास उतरते, म्हणजे वाईट पण सावरता येण्याजोगं. आणि डब्यातल्या पाण्याची पातळी नळीच्या तोंडापेक्षा उंच असेल, तर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी येत राहतं. सेन्सर कितीही हुशार असला तरी तो इथे हतबल. नळीचं तोंड संपच्या पाण्यावर आणि डब्यातल्या सर्वोच्च पातळीहूनही उंच धरा, किंवा सायफन तोडणारी झडप बसवा. ३०–४० लिटरच्या टँकला पेरिस्टाल्टिक पंप, म्हणजे फिरत्या रोलरनी नळी दाबत पाणी पुढे सरकवणारा पंप, सर्वांत योग्य : तो मिनिटाला थोडंच पाणी देतो आणि त्याचे रोलर थांबलेले असतानाही नळी दाबून ठेवतात.