पॉप रिव्हेट आणि भरीव रिव्हेट: बाहेरून सारखेच, आतून वेगळे

अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीच्या तळावरून बाहेरून हात फिरवला तर पत्रे जोडणाऱ्या या दोन्ही प्रकारच्या रिव्हेटची गोल डोकी सारखीच लागतात. फरक कळतो तो बोटीत पाणी साचायला लागल्यावर.

भरीव रिव्हेट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा अखंड तुकडा. एकाने बाहेरून हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने ठोकायचं, दुसऱ्याने आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. रिव्हेटचं आतलं टोक, म्हणजे शेपूट, चेपतं, दांडा फुगतो आणि भोक गच्च भरतं. विमानाचे पत्रे असेच जोडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रमन या विमान कंपनीने अ‍ॅल्युमिनियमच्या कनू (वल्ह्याच्या निमुळत्या होड्या) काढल्या, त्यांच्या जोडांनाही याच हातखंड्याचा उपयोग झाला. दांड्याची लांबी ठरवायला साधा हिशेब आहे: पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाची दीडपट. दोन पत्रे मिळून 3.2 मिमी आणि रिव्हेट 4.8 मिमीचा असेल, तर दांडा साधारण 10.4 मिमी हवा.

पॉप रिव्हेट पोकळ असतो. रिव्हेट गनने मधला खिळा ओढला की मागची बाजू फुगते आणि खिळा तुटतो. काम एकट्याने आणि एकाच बाजूने होतं, म्हणून तो मोह. पण तुटलेल्या खिळ्याचा तुकडा आतच राहतो. तो निसटला की उरते पाण्याला सरळ वाट, आणि खिळा पोलादी असेल तर गंजतोही. असा रिव्हेट पाटी लावायला ठीक, पाण्याखाली नको.

मग हात पोचत नाही तिथे काय करायचं? बंद तोंडाचा पॉप रिव्हेट घ्यायचा. त्याचं मागचं टोक वाटीसारखं बंद असतं, त्यामुळे मधून पाणी येत नाही. भोकात पॉलियुरेथेन सीलंट (फट बुजवणारा चिकट लगदा) भरून तो ओला असतानाच रिव्हेट बसवायचा. तरी भरीव रिव्हेटची ताकद त्याला येत नाही.

'स्टेनलेस मजबूत, तोच घालू' हा विचार खाऱ्या पाण्यात महाग पडतो. दोन वेगळे धातू पाण्यात भिडले की त्यातलं अ‍ॅल्युमिनियम झिजतं. पितळ आणि तांबं तर बोटीजवळही नको.

आणि गळका रिव्हेट दिसला म्हणून लगेच ड्रिल उचलू नका. अनेकदा जुना भरीव रिव्हेट नुसता सैल झालेला असतो. तो पुन्हा ठोकला की काम होतं. गळती शोधायला बोट घोड्यांवर (टेकूच्या स्टँडवर) नीट टेकवा, आत थोडंसं पाणी ओता आणि जिथून थेंब पडतो तिथे बाहेरून खडूने खूण करा.