एरंड की मोगली एरंड? उलटीची वेळ बघा

झाडाच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना उलट्या झाल्या की बातमीत बेधडक ‘एरंडाच्या बिया’ छापतात. बऱ्याचदा त्या मोगली एरंडाच्या असतात. हा घोळ मुलाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून त्याची मला चीड येते.

एरंड तुम्ही ओळखता: कातरलेल्या कडांचं पंजासारखं पान, काटेरी बोंड, चकचकीत ठिपकेदार बी. मोगली एरंड म्हणजे गोव्यात पेडणे-सत्तरीकडे भाटाच्या वईला, म्हणजे बागायतीच्या कुंपणाला, लावतात तो. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. पानाला तीन ते पाच उथळ कोन, फळ गुळगुळीत, बी काळी.

खरी चूक वेळेच्या हिशेबात होते. मोगली एरंडाची बी चवीला शेंगदाण्याच्या वळणाची, त्यामुळे मुलं मूठभर खातात आणि बहुधा तास-दोन तासांतच उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. घर हादरतं, मूल लगेच दवाखान्यात पोचतं. अंगातलं पाणी भरून काढलं की बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत सावरतात.

एरंडाचं उलट. बी चावली गेली तर आतलं रायसिन हे विष पेशींची प्रथिनं बनवण्याची यंत्रणाच बंद पाडतं, आणि त्याला वेळ लागतो. चार-सहा तास, कधी दहा तासही मूल खेळत असतं. ‘काही झालं नाही, पचलं’ असं घरचे म्हणतात ते याच वेळात. मग उलट्या, रक्ती जुलाब सुरू होतात आणि पुढच्या काही दिवसांत यकृत, मूत्रपिंड धोक्यात येऊ शकतात. रायसिनवर उतारा नाही. म्हणून एरंडाची बी चावली असेल, तर उलटीची वाट बघूच नका. न चावता गिळलेली बी टणक सालीमुळे बहुधा तशीच बाहेर पडते, पण मुलानं चावली की नाही हे घरी ठरवत बसू नये.

‘एरंडेल आपण पितोच की’ हा युक्तिवाद तर ऐकवत नाही. रायसिन तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं.

दोन्हींत मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. मिठानेच मूल दगावू शकतं. दूध-तूपही नको. १०८ला फोन करा, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात किंवा जवळच्या सरकारी इस्पितळात न्या. सोबत उरलेल्या बिया आणि पानासकट डहाळी घ्या, आणि बी किती वाजता खाल्ली ते डॉक्टरांना आधी सांगा.