तलावाचं पंचविसावं वर्ष

जूनमधला पहिला दणदणीत पाऊस होऊन गेला होता. पालिकेची परवानगी काढून आम्ही वाशीकडच्या एका धारण तलावावर गेलो. स्थापत्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाची नऊ मुलं-मुली, दहा-दहा सेंटिमीटरवर रंगाच्या खुणा केलेला पंधरा फुटी बांबू, दोरी आणि एक वही. बांबू पाण्यात सोडला, तळ लागला, वाचन घेतलं. मग एकाने सहज जोर दिला, तर बांबू हातभर आणखी खाली गेला. अजून जोर दिला, अजून गेला. वही धरून बसलेल्या मुलीने मान वर करून विचारलं, "मॅडम, तळ कुठला लिहू?"

गेली काही वर्षं मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शाश्वततेबद्दल शिकवते आहे. त्या विषयाचा गाभा मला पुस्तकापेक्षा या प्रश्नात जास्त सापडला. एक तळ नकाशावरचा, ज्या दिवशी तलाव खोदला त्या दिवसाचा. दुसरा तळ आजचा, गाळाने वर आणलेला. आमचा अभ्यासक्रम फक्त पहिल्या तळाबद्दल विचारतो.

नवी मुंबईत राहणाऱ्या पुष्कळांना हे तलाव म्हणजे सकाळी चालायला बरी जागा एवढंच माहीत असतं. खरं तर शहर पावसाळ्यात कोरडं राहतं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १९७० साली हे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी संस्थेची स्थापना झाली आणि खाडीकाठची खाजणं, भातशेती, मिठागरं भरून नोड, म्हणजे शहराचे वेगवेगळे विभाग, उभे राहिले. यातली बरीच जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली किंवा जेमतेम तिच्या बरोबरीला आहे. भरती असताना गटारांचं पाणी खाडीत जाऊच शकत नाही, कारण खाडीच वर असते. नेमका तेव्हाच पाऊस कोसळला तर ते पाणी थांबवायला जागा हवी. ती जागा म्हणजे धारण तलाव. भरतीत पाणी धरायचं, ओहोटी लागली की सोडायचं. वीज लागत नाही, पंप लागत नाही, चंद्रच सगळं काम करतो. हा शहराच्या नियोजनातला अतिशय सुंदर विचार आहे असं मला मनापासून वाटतं.

तलावाच्या तोंडाशी लोखंडी झडपा असतात. झडप वरच्या कडेला बिजागरीवर टांगलेली असते आणि फक्त खाडीच्या बाजूला उघडते. खाडीचं पाणी चढलं की त्याच्या दाबाने झडप चौकटीवर घट्ट बसते. एक मीटर उंचीचं पाणी तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन जोर लावतं, त्यामुळे ती मिटायला आणखी कशाचीच गरज नसते. ओहोटीला बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं.

हे तंत्र 'डच पद्धत' म्हणून ओळखलं जातं. पण आमच्या गटातल्या एका मुलाचे आजोबा बेलापूर पट्टीतले आगरी शेतकरी. नातवाने काढलेलं झडपेचं चित्र पाहून ते म्हणाले, ही तर आमची उघाडी. खारभूमीच्या बांधात गोडं पाणी बाहेर सोडायला आणि खारं बाहेरच अडवायला अशीच दारं ठेवलेली असत, त्यांना उघाडी म्हणतात. खाडीतून मिळवलेल्या जमिनीत भात पिकवायचा तर बांध आणि उघाडी धड हवीच. एका उधाणात बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग जमिनीतलं मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जातात. म्हणून बांधाचं काम गावाने मिळून करायचं, दरवर्षी करायचं. आजोबांच्या बोलण्यात उघाडी बांधली कशी, हे थोडंच होतं. ती कोण बघायचं, खेकड्यांनी पाडलेली भोकं कोण बुजवायचं, यावर ते बराच वेळ बोलले. मुलं लिहून घेत होती.

त्यांनी भरतीच्या वेळेचा हिशेबही सांगितला, जो कोकण किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनला भरती, अष्टमीला सहाला. मुलांना आधी गंमत वाटली, मग मी फळ्यावर मांडून दाखवलं. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं १२ अंशांचं अंतर. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे १२ अंशांना ४८ मिनिटं. एक तिथी पुढे सरकली की भरती सुमारे ४८ मिनिटं पुढे जाते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. पंचांग आणि खाडी यांची इतकी जवळची गाठ तोंडी हिशेबात बसवणाऱ्या लोकांना आपण अडाणी म्हणत आलो, याची मला खंत वाटते.

तर गाळाकडे येऊ. त्या दिवशी एक झडप पूर्ण मिटत नव्हती. ओहोटीला जवळ जाऊन पाहिलं तर चौकटीच्या खालच्या कडेत निर्माल्याची एक गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी, एक रबरी चप्पल आणि थर्माकोलचा तुकडा असं एकमेकांत अडकून बसलं होतं. चार बोटांची फट. एवढ्या फटीतून प्रत्येक भरतीला, दिवसातून दोनदा, खाडीचं गढूळ पाणी आत येत होतं. ठाण्याच्या खाडीचं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना त्यात किती चिखल असतो ते सांगायला नको. आत आलं की ते शांत होतं. गाळाचा ०.०२ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर या वेगाने खाली बसतो. दीड मीटर खोल पाण्यात त्याला तळ गाठायला तास-सव्वा तास पुरतो. त्याहून बारीक चिकणमातीचे कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि तेही लवकर बसतात. भरती ओसरेपर्यंत गाळ तळाशी आणि वरचं निवळ पाणी परत खाडीत. पाणी थांबवणं हेच तलावाचं काम, आणि पाणी थांबलं की गाळ बसणारच. वरून शहरातल्या गटारांतून येणारी माती आणि बांधकामाचा चुरा वेगळाच.

याचा परिणाम किती, ते समजायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०० हेक्टर वस्तीवर भरतीच्या चार तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला. त्यातलं ८० टक्के पाणी वाहून तलावाकडे आलं तर ते होतं ८०,००० घनमीटर, म्हणजे ८ कोटी लिटर. पाच हेक्टरांचा तलाव, पाणी साठायला १.६ मीटर खोली, बरोबर ८ कोटी लिटर मावतात. आता तळावर ४० सेंटिमीटर गाळ बसू द्या. २ कोटी लिटरची जागा गेली. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर २,००० टँकर, आणि ते पाणी रस्त्यावर, तळमजल्यात, पार्किंगमध्ये जाणार. नकाशावर मात्र तलाव अजून पाच हेक्टरच.

परीक्षेतला प्रश्न असतो: दिलेल्या पाणलोटासाठी तलावाची क्षमता काढा. विद्यार्थी सूत्र घालतो, उत्तर काढतो, गुण मिळवतो. पंचविसाव्या वर्षी क्षमता किती उरेल, गाळ कोण काढणार, तो कुठे टाकणार, झडपेपाशी रोज कोण जाणार, त्याला जायला पायवाट आहे का, हे कुणी विचारत नाही. पर्यावरण हा विषय आपल्याकडे आहेच. १९९१ साली पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले आणि पुढे पदवीला तो सक्तीचा झाला. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्यांना मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, पूर्ण सदस्य झाला, आणि इंजिनिअर झालेल्या मुलाला काय काय यावं या यादीत पर्यावरण व शाश्वतता ठळकपणे आली. पण प्रत्यक्षात तो एक पेपर राहतो, ओझोनचा थर आणि हरितगृह परिणाम पाठ करून सुटण्याचा. डिझाइनचा पेपर वेगळा, पर्यावरणाचा वेगळा, आणि दोघांची गाठ चार वर्षांत पडत नाही. माझं म्हणणं आहे की नवा विषय वाढवू नका, डिझाइनच्या प्रत्येक प्रश्नाला एक उपप्रश्न जोडा: पंचविसाव्या वर्षी हे कसं चालत असेल? यंत्र शाखेत पंपाच्या दहाव्या वर्षाबद्दल विचारा, विद्युत शाखेत सौर पॅनेलवर बसलेल्या धुळीबद्दल.

हा उपप्रश्न सोपा नाही, आणि धारण तलावांपुरता तर फारच अवघड झाला आहे. गाळ साठला तिथे तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं, उगवली. आता तिथे नुसता तलाव उरलेला नाही, कांदळवनही आहे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे असं स्पष्ट सांगितलं, आणि ते योग्यच होतं. समोरची ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. गाळ काढला नाही तर वस्ती बुडण्याची भीती, काढला तर झाडं जाण्याची. वर्गात मी मुलांचे दोन गट केले, एक वस्तीच्या बाजूचा, एक तिवरांच्या. तासाभराने दोन्ही गट एकाच जागी येऊन थांबले: पहिली तिवराची रोपं उगवली तेव्हाच झडप नीट असती आणि दर उन्हाळ्यात थोडा थोडा गाळ निघाला असता, तर ही निवड करण्याची वेळच आली नसती. आता उरलेले मार्ग खर्चाचे आणि वेळखाऊ आहेत, झाडं नसलेल्या भागातला गाळ आधी काढणं, पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणं, वरून येणारी माती गटारातच अडवणं.

शेवटच्या उपायात सोसायट्यांचा हात लागतो. आमच्याच सोसायटीत गेल्या वर्षी मागच्या बागेवर पेव्हर ब्लॉक घालायचं ठरत होतं. चिखल होतो, डास होतात, गाड्यांना जागा हवी, ही सगळी कारणं खरी होती. सभेत मी एवढंच मांडलं: बाग साधारण १,००० चौरस मीटर. १०० मिलिमीटर पावसात तिच्यावर १ लाख लिटर पाणी पडतं. बागेतून त्यातलं पाव भाग वाहतं, ब्लॉकवरून ८५ टक्के. म्हणजे एका पावसात ६०,००० लिटर जास्तीचं पाणी आपण गटारात ढकलणार, सहा टँकर, आणि ते त्याच तलावाकडे जाणार. जुलैत माती आधीच भिजलेली असते तेव्हा हा फरक कमी होतो, तेही सांगितलं. आजींच्या एका गटाने बागेची बाजू घेतली. शेवटी गाड्यांच्या जागेपुरते मध्ये भोकं असलेले, गवत उगवणारे ब्लॉक घातले, बाकी बाग राहिली. गेटजवळच्या गटाराला जाळी बसवली आणि ती दर रविवारी साफ करायची पाळी विंगवार लावली. पाळी चुकते कधीकधी. मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पडतो आणि कुणीतरी खाली जाऊन काढून येतं.

त्या नऊ जणांच्या प्रकल्पाच्या अहवालात आता प्रत्येक वाचनापुढे दोन रकाने आहेत, वरचा तळ आणि खालचा तळ. दोन्हींतला फरक तलावाच्या तोंडाशी सर्वांत जास्त आणि आत जाताना कमी होत जातो, म्हणजे निदान या तलावात गाळ शहरापेक्षा खाडीकडून जास्त येत असावा, असा त्यांचा अंदाज आहे. तो तपासायला त्यांना नारळी पौर्णिमेला झडपेपाशी उभं राहायचं आहे. पाऊणपटीच्या हिशेबाने भरती सव्वाअकराला, ४८ मिनिटांच्या हिशेबाने बाराला. आजोबांनाही बरोबर न्यायचं ठरलं आहे. बाटल्या धुऊन, नंबर घालून प्रयोगशाळेत ठेवल्या आहेत, दर पंधरा मिनिटांनी फटीतून येणाऱ्या पाण्याचा एक नमुना घ्यायला.