रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम

ठरलेल्या मुदतीत काम पुरे होईल याची हमी देण्यासाठी घडवलेली संगणकाची कार्यप्रणाली. मोटारीची एअरबॅग क्षणभर उशिरा फुगली तर ती न फुगल्यातच जमा. म्हणून सर्वांत वाईट परिस्थितीत किती वेळ लागेल हे इथे आधी पाहतात, सरासरी वेग नंतर.

प्रत्येक कामाला, म्हणजे टास्कला, प्रायॉरिटी दिलेली असते. तयार टास्कपैकी सर्वांत वरच्या प्रायॉरिटीचा टास्क शेड्युलर, म्हणजे पाळी ठरवणारा प्रणालीचा भाग, चालवतो. त्याहून वरचा जागा झाला की चालू टास्क अर्ध्यावर थांबतो. वारंवार पाळी येणाऱ्या टास्कला वरची प्रायॉरिटी द्यावी, ही पद्धत लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्ये गणिताने तपासली. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या टास्कचा प्रोसेसरवरचा एकूण भार सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असेल, तर एकाचीही मुदत चुकत नाही.

प्रत्यक्षात टास्क एकमेकांवर अवलंबून असतातच आणि खरी गुंतागुंत तिथे सुरू होते. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांतच मधूनमधून रीसेट होऊ लागला. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही रिअल-टाइम प्रणाली होती. हवामानाच्या नोंदी घेणारा खालच्या प्रायॉरिटीचा टास्क एक म्युटेक्स, म्हणजे सामायिक साधनाचे कुलूप, धरून बसे. माहितीच्या बसचे, म्हणजे यानाच्या भागांमध्ये माहिती नेणाऱ्या मार्गाचे, काम पाहणारा वरचा टास्क त्याच कुलपासाठी खोळंबे. तेवढ्यात कुलपाशी काही देणेघेणे नसलेले मधल्या प्रायॉरिटीचे टास्क येऊन हवामानाच्या टास्कला बाजूला सारत. कुलूप सुटत नसे, बसचे काम वेळेत होत नसे आणि हे लक्षात येताच यान स्वतःला रीसेट करी. नोंदवलेली माहिती शाबूत राही, पण दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई. या दोषाला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही असे रीसेट दिसले होते, मात्र ते पुन्हा घडवून आणता आले नव्हते; वेळेवर अवलंबून असलेल्या दोषांचा हा नेहमीचाच त्रास.

त्यावरचा उपाय शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी १९९० च्या शोधनिबंधात मांडलेला होता: वरचा टास्क खोळंबला की कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरती त्याची प्रायॉरिटी द्यायची. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होती, पण त्या म्युटेक्सपुरती बंद ठेवलेली. पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर दोष पकडल्यानंतर अभियंत्यांनी यानाकडे बदल पाठवून ती चालू केली आणि रीसेट थांबले.