डिस्कच्या पोटात डोकावणारी लायब्ररी

लिनक्सवरच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत, फाइलीचे नाव डिरेक्टरीत असते, आकार नि परवानग्या आयनोड नावाच्या नोंदीत आणि मजकूर तिसऱ्याच जागी. ही सांधेजोड लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, परस्पर करतो. ती उलगडून पाहायची, तर डिस्कवरचे बाइट स्वतः वाचणारी छोटी पायथन लायब्ररी लिहावी.

चालत्या डिस्कला हात लावू नका. ताजे बदल अजून मेमरीत किंवा जर्नलमध्ये (बदलांच्या कच्च्या नोंदवहीत) असू शकतात. ‘ट्रंकेट’ या आज्ञेने ६४ एमबीच्या दोन रिकाम्या फाइली, म्हणजे डिस्कच्या प्रतिमा, करा आणि त्यांवर ईएक्सटी४ बसवा: एकीत ब्लॉक (जागा वाटण्याचे एकक) १०२४ बाइटचा, दुसरीत ४०९६ चा. दोन्ही फक्त वाचण्यापुरत्या उघडा.

सुरुवातीचे १०२४ बाइट सोडले की सुपरब्लॉक, म्हणजे फाइल सिस्टिमची मूळ माहिती, लागतो. त्याच्या ५६व्या बाइटवर (बाइट शून्यापासून मोजा) ८३ आणि लगेच २३९ दिसायला हवेत. लहान वजनाचा बाइट आधी, म्हणून संख्या झाली ६१२६७, म्हणजे ईएक्सटी घराण्याची खूण. ती नसेल तर तिथेच थांबा. बाइटांतून संख्या काढणारे पायथनचे ‘स्ट्रक्ट’ मॉड्यूल वापरताना साच्याच्या आरंभी ‘<’ हवेच. ते राहिले तर ६४ बिटांच्या लिनक्सवर ‘एल’ चार बाइटांऐवजी आठ खातो, पुढची सगळी क्षेत्रे सरकतात आणि एरर येईलच असेही नाही. गाडी रुळावरून घसरल्याचे कळते ते फार पुढे गेल्यावर.

खरी गोची ग्रुप डिस्क्रिप्टरांच्या तक्त्यापाशी आहे: ग्रुप म्हणजे ब्लॉकांचा गट, आणि डिस्क्रिप्टर म्हणजे त्या ग्रुपचा आयनोड तक्ता कुठे आहे ते सांगणारी नोंद. ४०९६ च्या प्रतिमेत सुपरब्लॉक शून्याव्या ब्लॉकमध्येच मावतो, त्यामुळे तक्ता ४०९६व्या बाइटवर. १०२४ च्या प्रतिमेत सुपरब्लॉक ब्लॉक १ मध्ये, म्हणून तक्ता २०४८ वर. पत्ता पाठ करू नका, काढा: सुपरब्लॉकच्या २०व्या बाइटवरच्या संख्येत एक मिळवा आणि ब्लॉकच्या आकाराने गुणा. डिस्क्रिप्टर ३२ बाइटांचा असतो. ६४-बिट सुविधा चालू असेल तर त्याची लांबी २५४व्या बाइटवर लिहिलेली असते, बहुधा ६४. तिथे ३२ धरून चाललात तरी पहिला ग्रुप बरोबरच वाचला जातो, बिघडते दुसऱ्यापासून. ४०९६ च्या ब्लॉकचा एक ग्रुप एरवी १२८ एमबीचा, म्हणून ६४ एमबीच्या प्रतिमेत ग्रुप एकच आणि ही चूक कधी दिसतच नाही. १०२४ च्या प्रतिमेत ग्रुप ८ एमबीचे असतात, तिथे ती लगेच उघडी पडते. दोन प्रतिमा हव्यात त्या यासाठी.

मूळ डिरेक्टरीचा आयनोड क्रमांक २. मोजणी एकपासून, म्हणून आधी एक वजा करायचा; एका ग्रुपमधल्या आयनोडांच्या संख्येने भागले की भागाकार ग्रुप सांगतो नि बाकी त्यातली जागा. आयनोड २५६ बाइटांचा असेल तर पहिल्या ग्रुपच्या आयनोड तक्त्यात २५६ बाइट पुढे जा. ताज्या प्रतिमेत तिथले पहिले दोन बाइट १६८७७ देतात. अष्टमानात ४०७५५: ४ म्हणजे डिरेक्टरी, ७५५ या परवानग्या.

आयनोडमध्ये ४०व्या बाइटपासूनच्या ६० बाइटांत मजकुराचा ठावठिकाणा असतो. एक्स्टेंट (सलग ब्लॉकांचे पट्टे) वापरले असतील तर आधी १२ बाइटांचे शीर्षक, खूण ६२२१८, मग १२-१२ बाइटांच्या चार नोंदी. शीर्षकात खोली शून्य नसेल तर या नोंदी मजकुराकडे नेत नाहीत, झाडाच्या पुढच्या ब्लॉककडे नेतात. नोंदीतली लांबी ३२७६८ हून अधिक दिसली, तर जागा राखलेली पण न लिहिलेली आहे: लांबीतून ३२७६८ वजा करा आणि मजकूर म्हणून शून्ये द्या. तो ब्लॉक तसाच वाचला तर पूर्वी पुसलेल्या फाइलींचे अवशेष हाती येतील.

प्रत्येक टप्प्यावर फाइल सिस्टिम तपासणाऱ्या ‘डीबगएफएस’शी आकडे ताडून पाहा: आयनोडसाठी ‘स्टॅट’, सुपरब्लॉक नि ग्रुपांसाठी ‘स्टॅट्स’. फरक पडला तर आधी आपल्याच ऑफसेटवर, म्हणजे बाइटच्या जागेवर, संशय घ्या.